शंभर रुपयांत किती सुकट येते हल्ली?

वरवंटा

गेल्या आठवड्यात गावी गेले होते, माणगावच्या अलीकडे. बाजारचा दिवस होता. आईने पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "शंभराची सुकट आण, बाकी काही नको."

बाजाराच्या टोकाला, भाजीवाले संपून प्लास्टिकच्या चपलांचे ढीग सुरू होतात तिथे, तीन-चार कोळणी बसतात. मुरुड-श्रीवर्धनकडून पहाटेच्या गाडीने येतात. समोर गोणपाटावर सुक्या मासळीचे ढीग: जवळा (कोलंबीसारखा बारीक, वाळवला की हीच आमची सुकट), करंदी, बोंबील, वाकट्या, आणि बाजूला झाकून ठेवलेले सोडे (ते फक्त विचारणाऱ्याला दाखवायचे!). शंभराची नोट दिली. मावशीने काट्यात जे घातलं ते बघून माझ्या तोंडून गेलंच, "एवढीच?"

"बाय, वास घे आधी, मग भाव कर."

वास घेतला. भाव करायची हिंमत राहिली नाही.

घरी येऊन वजन केलं तर २४० ग्रॅम. आजी असताना घरात सुकट मापट्याने यायची. मळणी झाली की कोळणी दारावर यायच्या, भात घेऊन जायच्या आणि सुकट देऊन जायच्या, नोटेचा संबंध नसे. भाजीला काही नसलं की आजीचं ठरलेलं वाक्य, "सुकट आहे ना डब्यात!" म्हणजे घरात काही नाही त्या दिवशीचं हे खाणं.

तर प्रश्न असा: तुमच्याकडच्या बाजारात शंभरात किती येते? आणि आता हे रोजचं खाणं राहिलंय, की आपण नुसतं सवयीने त्याला गरिबाचं म्हणतोय?

माणदेशी_गडी

पहिला नंबर माझा!

आमच्याकडं समुद्र दीडशे किलोमीटरवर, पण बोंबील नाही असा आठवडी बाजार दाखवा. माण-खटावला ओला मासा आमच्या आजोबांनी आयुष्यात किती वेळा बघितला असेल देव जाणे. सुका बोंबील मात्र दर आठवड्याला. चुलीतल्या निखाऱ्यावर बोंबील भाजायचा, डोकं-शेपूट मोडून टाकायचं, खलबत्त्यात लसूण, लाल मिरची आणि मीठ घालून कुटायचा. वरनं कच्चं तेल. बाजरीची भाकरी. खुरपायला जाताना हेच फडक्यात बांधून न्यायचं, दुपारपर्यंत काही होत नाही त्याला.

आजोबा माळकरी. त्यामुळं आजी हे सगळं परसात तीन दगडांवर करायची, घरातल्या चुलीवर नाही. आजोबा ओसरीवर बसून हरिपाठ म्हणायचे आणि मध्येच थांबून विचारायचे, "काय गं, झालं का पोरांचं?" आम्हाला वाटायचं पोरांची काळजी. आता वाटतं, वास येत असणार.

भाव: आमच्याकडं किलोनं कुणी घेतच नाही. वाटा ५० रुपये, वाट्यात बारा-पंधरा बोंबील.

खाडीवरचा

वरवंटाताई, मावशीचं बरोबर आहे. घरचा धंदा असल्यामुळे थोडं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. ताज्या बोंबलात दहा भागांतले नऊ भाग पाणी म्हटलं तरी फार चुकत नाही. म्हणून किलोभर सुका करायला सात-आठ किलो ओला लागतो. गिऱ्हाईक ओल्याचा भाव बघून येतं आणि सुक्याचा ऐकून बिचकतं, पण भागाकार कोणी करत नाही.

बोंबील वाळवतात ते बांबूंच्या उभ्या-आडव्या मांडवावर, त्याला आम्ही वलांडी म्हणतो. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांच्या जबड्यात अडकवायची आणि ती जोडी दोरीवर टाकायची. दात बारीक आणि आत वळलेले असतात, त्यामुळे वाऱ्यातही सुटत नाहीत. मीठ नाही, काही नाही, फक्त ऊन आणि वारा. वर्सोवा, गोराई, उत्तन, अर्नाळा, सातपाटी, कुठेही थंडीत या, किनाऱ्याला या जोड्यांचे पडदे लावलेले दिसतील. माझी आई तासाला किती जोड्या अडकवते ते मोजायचा प्रयत्न केला होता एकदा, शंभरानंतर मीच हरवलो.

चांगलं ऊन असेल तर जवळा एका दिवसात होतो. बोंबलाला तीनेक दिवस. आणि या तीन दिवसांत पाऊस आला तर? २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाचा पाऊस आला, २०१९ ला ऐन ऑक्टोबरात क्यार. भिजलेला बोंबील परत वाळत नाही, काळा पडतो, लिबलिबतो. मग तो खतात जातो. उरलेल्या मालावर भाव चढतो आणि लोक म्हणतात कोळणी माजल्या.

शाकाहारी_पण_वाचतो

मी खात नाही, पण त्या दातांत दात अडकवायच्या पद्धतीवर थांबलो. दोरी-चिमटा काही न लागता माशाचीच खुंटी!

बाकी चालू द्या.

हिशेबी

वरवंटा, शंभरात २४० म्हणजे किलोला साधारण ४१५ पडले. चिकनपेक्षा महाग. मग "गरिबाचं खाणं" हा शुद्ध भावुकपणा झाला. नवी मुंबईत मी सोडे किलोला २,००० च्या खाली बघितलेले नाहीत. त्यात सुरमई येते.

वरवंटा

@हिशेबी, हिशेब अर्धाच केलात.

मी रविवारी मुद्दाम मोजलं. चाळून, निवडून २४० चे २२० राहिले. मूठभर सुकट म्हणजे ४० ग्रॅम. तीन कांदे, एक टोमॅटो, चार आमसुलं, तिखट, हळद, एवढ्यात चार माणसांची भाकरीबरोबरची भाजी झाली, आणि थोडी उरली ती सकाळी आईने खाल्ली. म्हणजे शंभराच्या सुकटीत पाच वेळा भाजी होते, एका वेळेला २० रुपये. चार अंडी आणायला गेले तर २८. पाव किलो चिकन चौघांत वाढून दाखवा.

सुकट किलोच्या भावाने नाही, मुठीच्या भावाने बघायची. ती वांग्यात पडली की वांगं सुकटीचं होतं, वांग्यात सुकट होत नाही.

हिशेबी

मुठीचा हिशेब मान्य. सोड्याचा नाही.

खाडीवरचा

सोडे गरिबाचे कधीच नव्हते हो. कोलंबी सोलून वाळवायची. सोलण्याची मजुरी आणि टरफलाची घट दोन्ही त्यात. ती पाहुण्यांची आणि सोड्याच्या खिचडीची वस्तू. सोडे आणि जवळा एका गोणपाटावर असले तरी एका घरात रोज जात नाहीत.

गोलमो

माका कोणी बोलावला?

आमच्या सिंधुदुर्गात सुक्या जवळ्याला गोलमो म्हणतात, म्हणून हे नाव. आमच्याकडे सुकट म्हणजे भाजी नाहीच, किसमूर. गोलमो कोरडा भाजायचा, कुरकुरीत झाला पाहिजे. कांदा बारीक, ओलं खोबरं, लाल तिखट, कोकमाचं आगळ किंवा चिंचेचा कोळ. हाताने कालवायचं आणि लगेच खायचं. पाच मिनिटं थांबलात तर मऊ पडलं, मग मजा गेली.

आणि खारा बांगडा. हा मात्र मिठातला. आजोबांचं वाक्य, "सकाळी पेजेवांगडा भाजलेलो बांगडो नसलो तर पेज घशाखाली उतरणा नाय." एक बांगडा चार जणांत. कुणाच्या वाटणीला पोटाकडचा भाग आला यावरून भांडणं. पेज भरपूर, मासा नखाएवढा, मीठ माशातलंच. वरवंटाताई म्हणतायत तोच मुठीचा हिशेब, फक्त आमच्याकडे नखाचा.

पणजीकर_पोर्तुगीज_नव्हे

गोलम्याला अनुमोदन, पण किसमूर मूळची गोंयची. :)

आमच्याकडे मे महिन्याच्या शेवटी-जूनच्या सुरुवातीला मडगावात चर्चजवळ पुरुमेंताचें फेस्त भरतं. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी, शब्द पोर्तुगीजांकडून आला. सुकी सुंगटां (कोलंबी), खारे बांगडे, आमसुलं, मिरच्या, मडकी, सगळं एका रांगेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, मग खायचं काय? फेस्त देवाचं, पण लोक डबे भरायला येतात.

माणदेशी_गडी

किसमुरीचं मूळ कुठलं यावर दुसरा धागा काढा बाबांनो. इथं भांडलात तर दोघांचा गोलमा मऊ पडंल.

भंडाऱ्याचा_भाचा

आमच्याकडे समुद्राचं काही येत नाही अशातला भाग नाही, पण आमचं सुकं म्हणजे झिंगे, तलावातली बारीक कोलंबी. भंडारा-गोंदियात तलाव म्हणाल तितके. ढिवर लोक झिंगे पकडतात, वाळवतात, बाजारात आणतात. झिंगे आणि वांगे, किंवा झिंगे आणि डोडका. आईचा नियम, "झिंगे कमी अन् तिखट जास्त."

समुद्राचा जवळा आणि तलावाचा झिंगा, दोन्ही खाऊन सांगतो. जवळ्याला स्वतःचा खारटपणा असतो, झिंग्याला मातीचा वास असतो. ज्याने लहानपणी जे खाल्लं त्याला तेच चांगलं.

मधली_सुट्टी

वाचत होते, लिहिणार नव्हते. पण "गरिबाचं खाणं" हा शब्द तीनदा आला म्हणून लिहिते.

आमच्या वस्तीत सुकट रोजची. आई सकाळी कामाला जायच्या आधी चटणी करून डब्यात द्यायची. शाळेत मधल्या सुट्टीत डबा उघडला की बाजूच्या मुली सरकून बसायच्या. एकदा बाईंनी सांगितलं, उद्यापासून असलं आणायचं नाही, वर्गात वास येतो. दुसऱ्या दिवसापासून मी चपातीला गूळ नेला. आईला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर ती शाळेत गेली असती. चटणी मी शाळेच्या वाटेवर भिंतीआड बसून खायचे, कोरडीच, आणि तोंड धुवून जायचे.

आता मी भाड्याच्या घरात राहते. घर बघताना मालक पहिला प्रश्न विचारतात, नॉनव्हेज करता का. मटणाचं हो म्हटलं तर कधीकधी चालतं. सुक्याचं अजून कोणी विचारलेलं नाही, आणि मी सांगितलेलं नाही.

तेव्हा सुकट स्वस्त की महाग हा हिशेब जरूर करा. पण ज्यांच्या घरात ती रोजची होती त्यांनी तिची किंमत फक्त बाजारात दिलेली नाही.

वरवंटा

मधली_सुट्टी, हे इथे लिहिलंत, बरं केलंत. मीही धाग्यात तो शब्द सहज वापरला. बदलणार नाही, कारण मग तुमच्या प्रतिसादाला संदर्भ राहणार नाही. पण लक्षात राहील.

चवथा_मजला

वासाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या सोसायटीत दर वेळी कोणीतरी गटावर "कुठून तरी वास येतोय" असं लिहितं. वास कमी करायचा उपाय आहे का? मेणबत्ती, लिंबू, कॉफी, सगळं करून झालं.

खाडीवरचा

नाही. खिडकी उघडा आणि खा.

(थोडा उपाय आहे: कढईत तेलावर टाकण्याआधी जे भाजणं असतं त्यात सगळा वास सुटतो. ते मंद आचेवर, दोन मिनिटांत उरका. भाजून धुतलं की पुढे कांद्याचाच वास जास्त येतो. आणि बाजारातून एकदम जास्त आणलं असेल तर सगळं एकाच दिवशी भाजून, थंड करून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रीझरमध्ये. म्हणजे महिन्यातून एकदाच सोसायटीची चर्चा.)

नाडीपरीक्षा

पेशाने डॉक्टर, आवडीने बोंबीलखाऊ. दोन गोष्टी.

रक्तदाब असेल तर खारा आणि नुसता वाळवलेला यांत फरक करा. बोंबील, जवळा सहसा मिठाशिवाय वाळवतात. बांगडा, मुशी, सुरमईचे तुकडे मिठातले. खारा मासा कोमट पाण्यात भिजवून ते पाणी दोनदा टाकून दिलं की बरंच मीठ निघतं. युरिक ॲसिडवाल्यांनी मात्र सुक्यावर हात आखडता घ्यावा, मूठ असो वा नख.

दुसरं, "सुक्या माशाने कर्करोग होतो" हा संदेश फिरतोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे कर्करोगाचं कारण म्हणून सिद्ध झालेल्या गोष्टींत, टाकलाय तो चिनी पद्धतीचा खारवलेला मासा, आणि संबंध नाक-घशाच्या कर्करोगाशी. त्यात मासा मुरवून थोडा सडू देऊन खारवतात. उन्हात वाळवलेला बोंबील त्या नावाखाली ढकलू नका. वाळवताना माशा बसतात, किडीसाठी कुणी औषध मारतं, हे आपल्याकडचे खरे प्रश्न.

साताऱ्याहून_साउथॉलला

इथल्या दुकानात बोंबील पाकिटात मिळतो, "बॉम्बे डक" लिहून. हा शब्द रेल्वेच्या टपालगाडीवरून, "बॉम्बे डाक"वरून आला असं सगळे सांगतात. पण आपल्याकडे रेल्वे आली १८५३ ला आणि नाव त्याआधीच्या इंग्रजी लिखाणात आहे. म्हणजे गोष्ट छान, पण गाडी उशिरा आली.

१९९० च्या दशकात युरोपीय संघाने याची आयात बंद केली होती, कारण बोंबील मान्यताप्राप्त कारखान्यात नाही तर उघड्यावर वाळवतात! इथल्या बोंबीलप्रेमी लोकांनी, त्यात गोरेही होते, मोहीम काढली. मग तोडगा निघाला की वाळवा कसाही, पाकीटबंद मान्यताप्राप्त ठिकाणी करा. वलांडी वाचली.

नवी_सून_जुना_डबा

माझा प्रश्न साधा आहे. सुकटीत वाळू लागते. तीन वेळा धुते तरी कचकच. सासूबाई म्हणतात, "आम्हाला तर कधी नाही लागली." काय चुकतं?

गोलमो

धुण्याआधी भाजता ना? भाजल्यावर चाळणीत घालून झटकायचं, डोकी-मिशा आणि निम्मी वाळू तिथेच पडते. मग खोल भांड्यात भरपूर पाणी, सुकट वर तरंगेल ती हाताने उचलून घ्यायची. भांडं उपडं करून गाळायचं नाही! तुम्ही गाळताय, तळाची वाळू परत वर ओतताय.

खाडीवरचा

शंभर टक्के हेच. शिवाय माल कुठे वाळवलाय ते विचारा. थेट रेतीवर पसरला तर वाळू येणारच. सिमेंटच्या ओट्यावर किंवा जुन्या जाळ्यांवर वाळवलेला स्वच्छ असतो. कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने सौर वाळवणी यंत्रं काढली आहेत, काही ठिकाणी महिलांच्या गटांना मिळालीही. चांगली आहेत, पण आमच्या इथे एका दिवसाला जो माल येतो त्याला तसली दहा लागतील.

निवडताना: बोंबील वाकवला तर मोडला पाहिजे, वाकून राहिला तर ओल आहे. सुकट मुठीत घेऊन सोडली की खळखळली पाहिजे. खाऱ्या माशावर गुलाबी डाग दिसले तर घेऊ नका, ते मिठात जगणाऱ्या जिवाणूंचे. आणि गोणीच्या तळाचा भुगा स्वस्तात देत असतील तर कोंबड्यांसाठी घ्या.

कोंबड्यांवरून आठवलं. बारीक मासळी आता सरळ मासळीच्या भुकटीच्या कारखान्यांत जाते, कोंबडीचं आणि कोलंबीचं खाद्य करायला. ट्रक धक्क्यावरच उभा असतो, ओला माल, रोख पैसे, वाळवायची कटकट नाही, पावसाची भीती नाही. आई म्हणते, आपण तीन दिवस राखण करायची, कावळे हाकायचे, तो तीन मिनिटांत घेऊन जातो. तिलाही मोह होतो, आणि तिला चूक म्हणायची माझी टाप नाही. शंभरात २४० का, याचं निम्मं उत्तर त्या ट्रकात आहे.

हिशेबी

म्हणजे जो जवळा चार माणसांना २० रुपयांत जेवू घालतो, तो कोंबडीला घालायचा आणि ती कोंबडी २५० रुपये किलोने विकायची. हा हिशेब मलाही जमत नाही. सोड्यांबद्दलचं माझं म्हणणं कायम.

नवी_सून_जुना_डबा

गोलमो, उचलून घेतली. कचकच गेली! सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग मी काय वेगळं करत होते?" कधी सांगितलं नव्हतं हे त्यांना आठवत नाही.

वरवंटा

धागा वर काढतेय. परवा पुन्हा बाजार केला. त्याच मावशी. सांगितलं की तुमच्या सुकटीवर लोक दहा दिवस बोलतायत. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "बोलतात, घेतात का?" म्हणाल्या.

खाडीवरच्यांनी सांगितल्याप्रमाणे विचारलं, कुठे वाळवता. म्हणाल्या जाळ्यावर, पण शेजारची रेतीवर वाळवते, तिची दहा रुपयांनी स्वस्त, तिच्याकडून घे हवी तर. शेजारची ऐकत होती. तिने माझ्याकडे न बघता पाटी झाकली.

या वेळी शंभरात २३० आली. घरी खोल पातेल्यात धुतली, वरची उचलून घेतली आणि तळाचं पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळलं. वाळू पाव चमचासुद्धा नव्हती. आईने फडकं उजेडात धरून बघितलं आणि म्हणाली, आगोटीआधी, पाऊस लागायच्या आत, आणखी पाचशेची आण, मे महिन्यात ही बाई यायची बंद होईल.

@मधली_सुट्टी, चटणीची कृती टाकाल का? कोरडी, डब्यात टिकणारी म्हणालात ती.

मधली_सुट्टी

सुकट भाजून, धुवून, पुन्हा कोरडी होईपर्यंत परतायची. लसूण सालासकट, सुकं खोबरं काळं होईपर्यंत भाजलेलं, लाल तिखट, मीठ कमी. सगळं पाट्यावर ओबडधोबड. मिक्सरला लावलीत तर पीठ होईल. आई त्यात थोडे भाजलेले तीळ घालायची, पण ते असले तर.